आधी ‘विठ्ठल’ लिहून बघा: ठळक भौमितिक फॉन्ट रेखण्याची आणि वापरण्याची पहिली पावलं

एक कोरा कागद आणि जाड मार्कर घ्या आणि एक इंच उंचीत ‘विठ्ठल’ लिहायचा प्रयत्न करा. अट एवढीच की प्रत्येक रेघ पाव इंच जाड हवी आणि गोलाई कंपासनं काढल्यासारखी हवी. ‘वि’ निघेल. ‘ठ्ठ’पाशी हात थांबेल. हिशेब करून बघा: शिरोरेषेला पाव इंच, वरच्या ठच्या वरच्या कडेला पाव इंच, दोन वर्तुळांमधली कड दोघांत वाटून घेतली तरी पाव इंच आणि खालच्या ठच्या तळाला पाव इंच. एक इंच संपला, आणि आतली पोकळी अजून काढायचीच आहे.

ठळक भौमितिक अक्षराचं सगळं कोडं या एका जोडाक्षरात आहे. जाडी वाढवली की ती आतल्या मोकळ्या जागेतून वजा होते, आणि वाचणारा डोळा अक्षर ओळखतो ते बऱ्याच अंशी त्या मोकळ्या जागेवरून. म्हणून या लेखात मी तुम्हाला पुन्हा पुन्हा काळ्या रेघेऐवजी आतल्या पांढऱ्या जागेकडे बघायला सांगणार आहे. तुम्ही चित्रकलेचे विद्यार्थी असा, दुकानाची पाटी करून घेणारे असा किंवा मंडळाची पत्रकं करणारे कार्यकर्ते असा, सुरुवात एकच आहे.

पायरी १: हे अक्षर ओळखायला शिका

रोमन अक्षरांच्या टोकांना जे छोटे पाय किंवा टोपरी असतात त्यांना सेरिफ म्हणतात. ते नसले की अक्षर सॅन्स-सेरिफ. त्यातही ज्यांचा सांगाडा वर्तुळ, चौकोन, त्रिकोण आणि सरळ रेघ यांवर उभा असतो आणि रेघेची जाडी सगळीकडे जवळपास सारखी दिसते, ती भौमितिक. ओळखायची सोपी खूण म्हणजे कॅपिटल ओ. तो अंड्यासारखा उभट असेल तर दुसऱ्या घराण्यातला, बांगडीसारखा गोल असेल तर बहुधा याच घराण्यातला.

या घराण्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव फ्युचुरा. जर्मन अक्षरकार पॉल रेनर यांनी ते रेखलं आणि फ्रँकफर्टच्या बाउअर टाइप फाउंड्रीनं (फाउंड्री म्हणजे फॉन्ट बनवणारी संस्था) १९२७ साली बाजारात आणलं. फ्युचुराला सर्रास बाउहाउस या जर्मन कलाशाळेचा फॉन्ट म्हटलं जातं, पण रेनर तिथे शिक्षक नव्हते. त्या काळाची विचारसरणी मात्र त्यांच्या अक्षरात पुरेपूर आहे. सुरुवातीच्या आराखड्यांत त्यांनी काही लहान अक्षरं अक्षरशः वर्तुळ आणि चौकोनाचे तुकडे जोडून केली होती. ती दिसायला धीट होती, वाचायला अवघड. छापायला देण्याआधी त्यातली बरीचशी त्यांनी गाळली किंवा मवाळ केली. नवशिक्यानं फ्युचुराकडून पहिली गोष्ट घ्यावी ती ही: भूमिती सांगाडा देते, अक्षर पूर्ण करायचं काम डोळ्याचं.

पुढे याच वळणाच्या जाड आवृत्त्या जाहिरातींत रुळल्या. फ्युचुराची एक्स्ट्रा बोल्ड आवृत्ती एडविन शार यांनी १९५२ साली केली. १९६९ साली अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर जी धातूची पाटी ठेवली, तिचा मजकूर फ्युचुराच्या कॅपिटल अक्षरांत आहे. १९७० साली हर्ब लुबालिन आणि टॉम कार्नेस यांचा आयटीसी अवाँ गार्द गॉथिक आला. २००० साली टोबायस फ्रेअर-जोन्स यांनी न्यूयॉर्कच्या जुन्या इमारतींवरच्या पाट्या बघून गॉथम रेखला आणि २००८ च्या ओबामांच्या प्रचारात तो जगभर दिसला. इतका इतिहास सध्या पुरे.

देवनागरीसाठी यात एक मोठा पेच आहे. आपली अक्षरं बोरूतून आली. बोरूचा काप तिरका असतो, त्यामुळे एका दिशेची रेघ जाड आणि दुसऱ्या दिशेची बारीक उतरते. अक्षराचा डौल त्या चढउतारात असतो. भौमितिक अक्षर बोरू खाली ठेवून कंपास हातात घेतं, म्हणजे तो डौल सोडून देतं. त्याबदल्यात काय मिळतं? शांत, एकसारखा रंग, लांबून दिसणारा ठाम आकार आणि रोमन अक्षरांशेजारी परकी न वाटणारी देवनागरी.

याचं हाताशी असलेलं उत्तम उदाहरण म्हणजे पॉपिन्स. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीनं २०१४ साली तो आणला. देवनागरी निनाद काळे यांनी रेखली, रोमन जॉनी पिनहॉर्न यांनी. हलक्यापासून जाडपर्यंत सगळी वजनं, म्हणजे जाडीच्या पायऱ्या, असलेली या शैलीतली ही पहिलीच देवनागरी, असं फाउंड्री सांगते. आज त्यात नऊ वजनं आणि प्रत्येकाची तिरकी जोड, अशा अठरा शैली आहेत. परवाना मुक्त असल्यामुळे व्यावसायिक कामातही तो फुकट वापरता येतो. पुढच्या पायऱ्यांसाठी तो गूगल फॉन्ट्सवरून उतरवून घ्या. नुसता रेग्युलर नको, सगळं कुटुंब घ्या. का ते पायरी ५ मध्ये येईल.

पायरी २: कंपासनं काढा, डोळ्यानं दुरुस्त करा

आलेखाचा कागद घ्या. १०० मिलिमीटर बाजूचा चौकोन काढा आणि शेजारी १०० मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ. दोन्ही काळ्या रंगानं भरा, भिंतीवर लावा आणि पाच-सहा पावलं मागे जा. वर्तुळ लहान दिसेल. मोजपट्टी म्हणते सारखे, डोळा म्हणतो नाही. टाइपफेसमध्ये शेवटचा शब्द डोळ्याचा असतो. वर्तुळ वर एक-दीड आणि खाली एक-दीड मिलिमीटर वाढवा, मग ते चौकोनाएवढं वाटू लागेल. प्रत्येक चांगल्या फॉन्टात गोल अक्षरं आधाररेषेच्या, म्हणजे अक्षरं जिच्यावर उभी राहतात त्या रेषेच्या, किंचित खाली उतरलेली असतात ती यासाठी.

आता वर्तुळाची कडी करा. बाहेरचा व्यास १००, आतला ६०, म्हणजे जाडी सगळीकडे २०. पुन्हा भिंतीवर लावा. वरची आणि खालची कड बाजूंपेक्षा जाड वाटेल, कारण डोळ्याला आडवी रेघ उभ्यापेक्षा भारी दिसते. आतली पोकळी ६० रुंद आणि ६४ उंच करा. वर-खाली जाडी १८ होईल आणि कडी एकसारखी दिसायला लागेल. हा प्रयोग प्रत्यक्ष कराच. वाचून पटतं, पण हातानं केल्यावर कायमचं लक्षात राहतं.

तिसरा प्रयोग सांध्याचा. लहान रोमन एन काढा: एक उभी रेघ आणि तिच्यातून निघणारी कमान. दोन्हींची जाडी २० ठेवली तर जिथे कमान रेघेला भेटते तिथे काळा डाग साचल्यासारखा दिसतो. कमान सांध्याजवळ बारा-तेरा मिलिमीटरपर्यंत बारीक करा, म्हणजे डाग निघून जाईल. हलक्या वजनात ही दुरुस्ती थोडी लागते, ठळक वजनात भरपूर. टोकदार अक्षरांचंही तेच आहे. हलक्या फ्युचुराच्या कॅपिटल ‘A’चं टोक सुईसारखं आहे, बोल्डमध्ये तेच टोक सपाट कापलेलं आहे. दोन जाड रेघा सुईच्या टोकाशी मिळवल्या असत्या तर वर काळा गोळा झाला असता.

आणि एक नियम मनात ठेवा. अक्षर जाड करताना उंची वाढवता येत नाही, म्हणून रुंदी वाढवावी लागते. उभ्या रेघांना पसरायला जागा मिळते, आडव्यांना मिळत नाही. रोमनमध्ये लहान ईच्या पोटात तीन आडव्या रेघा असतात आणि त्या ईवरूनच आडव्या जाडीची कमाल मर्यादा ठरते. देवनागरीत ती मर्यादा ‘ठ्ठ’, ‘द्ध’, ‘ह्म’, ‘इ’ अशी अक्षरं ठरवतात, आणि ती बरीच आधी येते.

पायरी ३: देवनागरी रेखताना कुठे थांबायचं

क्रमानं जा. आधी व, मग ठ, मग ळ. वमध्ये अर्धगोल आणि काना भेटतात, म्हणजे सांध्याचा सराव होतो. ठ म्हणजे छोट्या मानेवरची कडी. ळ मला या शैलीत फार आवडतो. दोन गोल शेजारी शेजारी, जणू भूमितीसाठीच जन्मलेला. इथे मराठी माणसाचा ळ सगळ्यात देखणा निघतो.

शिरोरेषा कान्यापेक्षा बारीक ठेवा. काना २० असेल तर शिरोरेषा १५-१६ पासून सुरू करून बघा. ती सलग आडवी धावते, त्यामुळे शब्दात तिचा भार खूप जाणवतो. शिवाय तिचा प्रत्येक मिलिमीटर खालच्या अक्षराच्या उंचीतून जातो. शिरोरेषेला खालून चिकटणाऱ्या माना फार आखूड झाल्या तर ठ, ट, ढ ही अक्षरं दोरीवर घट्ट चिमटे लावल्यासारखी दिसतात. मान थोडी दिसली पाहिजे.

आता जोड्यांकडे वळा, कारण ठळक देवनागरी चुकते ती इथे. ध आणि भ यांच्या डोक्यावर डावीकडे शिरोरेषा तुटते. जाडी वाढवताना ती फट बुजली की ‘धन’चं ‘घन’ होतं आणि ‘भात’चा ‘मात’. बच्या पोटातली तिरकी रेघ वितळली की ‘बाटली’ची ‘वाटली’. षची तिरकी रेघ गेली की तो प. खच्या खालचा जोड सुटला की ‘रव’. ही प्रत्येक जोडी शेजारी शेजारी काढा, कागद हातभर लांब धरा, डोळे किलकिले करा आणि फरक टिकतो का ते बघा. टिकत नसेल तर बारीक करायला मागेपुढे बघू नका. बच्या पोटातली रेघ कान्याच्या निम्मी जाड असली तरी कुणाच्या लक्षात येत नाही, ती बुजली तर मात्र सगळ्यांच्या येते.

मात्रा आणि वेलांट्या हे वेगळंच राज्य आहे. ‘मूर्तींना’ हा शब्द लिहा. खाली दीर्घ ऊकार, वर दीर्घ वेलांटी, तिच्यावर रफार आणि शेजारी अनुस्वार. वरच्या पंधरा-वीस मिलिमीटरच्या माळ्यावर तिघांना राहायचं आहे. वरची चिन्हं कान्यापेक्षा बरीच बारीक ठेवावी लागतात. अनुस्वाराचा टिंब मात्र बारीक करू नका. शिरोरेषेपासून तो स्पष्ट सुटलेला असावा, नाहीतर जाड छपाईत तो शिरोरेषेवर आलेला फुगवटा वाटतो.

मग ‘ठ्ठ’चं काय? वाटा तीन. खालचा ठ आधाररेषेच्या खाली उतरू द्यायचा. दोन्ही ठ आकारानं लहान आणि रेघेनं बारीक करायचे. किंवा हलन्त वापरून दोन ठ शेजारी ठेवायचे. तिसरी वाट तांत्रिकदृष्ट्या चूक नाही, पण पंढरीच्या वाटेवरच्या माणसाला तो ‘विठ्‌ठल’ परका वाटेल. मी पहिल्या दोन वाटा एकत्र करते: थोडं खाली, थोडं बारीक. दोन पोकळ्या जिवंत राहिल्या की जोडाक्षर उभं राहतं.

जाडी किती ताणता येते हे बघायचं असेल तर मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाउंड्रीचा ‘मोदक’ हा फॉन्ट समोर ठेवा. तो भौमितिक नाही, मऊ आणि गुबगुबीत आहे. त्यात अक्षरं इतकी फुगली आहेत की पोकळ्यांच्या जागी नुसत्या बारीक पांढऱ्या रेघा उरल्या आहेत, आणि तरीही ती वाचता येतात. त्या पांढऱ्या रेघा कुठे ठेवल्यात आणि कुठे वळवल्यात, हे निरखण्यात एक पूर्ण दुपार घालवा.

पायरी ४: संगणकावर

कागदावरचं वळण पक्कं झाल्याशिवाय संगणक उघडू नका. फॉन्ट बनवायचं फॉन्टफोर्ज हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि सुरुवातीला पुरेसं आहे, मॅक असेल तर ग्लिफ्स सोयीचं पडतं. वर्तुळाला चारच बिंदू द्या: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. प्रत्येक बिंदूचा दांडा (वळण ओढायची मूठ) त्रिज्येच्या साधारण ०.५५ पट लांब ठेवला की शुद्ध वर्तुळ मिळतं. तिथून पायरी २ मधल्या दुरुस्त्या करा. हलकं आणि जाड अशी दोन टोकं रेखली की मधली वजनं सॉफ्टवेअर काढून देतं, मात्र दोन्हींत बिंदूंची संख्या आणि क्रम तंतोतंत सारखा लागतो. जाड टोक आधी रेखा, असं मी सांगेन. अडचणी तिथे आहेत, आणि त्या सुटल्या की हलकं टोक सोपं जातं.

पायरी ५: दुसऱ्याचा फॉन्ट निवडताना

बहुतेकांना फॉन्ट रेखायचा नसतो, वापरायचा असतो. पण रेखण्याचा थोडा घाम गाळलेला असला की निवड अचूक होते. फॉन्टच्या पानावर दिसणाऱ्या सुंदर नमुन्यावर विसंबू नका. स्वतःची ओळ टाका. माझी ही: ‘विठ्ठल मूर्तींना दऱ्याखोऱ्या शुद्ध ब्रह्म श्रीक्षेत्र ज्ञानेश्वर महाराष्ट्र ॲप ऑफिस बँक’.

‘दऱ्या’ मधला ऱ्य नीट, केसासारख्या वळणानं येतो का बघा. हा र मराठीला हमखास लागतो, आणि तो नसलेल्या फॉन्टात ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला फरक पुसला जातो. ॲ आहे का, की त्या जागी रिकामा चौकोन दिसतो? ‘महाराष्ट्र’मध्ये ष्ट्र एकसंध येतो का? ल आणि श बघा. मराठी हाताला दोन पाकळ्यांचा ल आणि शेंडीफोड्या श यांची सवय आहे, तर हिंदीत उजवीकडे उभा दंड असलेला ल आणि गाठीचा श चालतो. काही फॉन्टांत दोन्ही रूपं असतात आणि मजकुराची भाषा मराठी अशी निवडली की मराठी रूप येतं. ती सोय नसली तर फॉन्ट वाईट ठरत नाही, पण गावाच्या नावात दोनदा ल असेल तर हे आधीच कळलेलं बरं.

मग वजन. फॉन्टांच्या जगात १०० ते ९०० असे आकडे चालतात: ४०० म्हणजे रेग्युलर, ६०० सेमीबोल्ड, ७०० बोल्ड, ९०० ब्लॅक. देवनागरी मथळ्यासाठी मी ६०० पासून सुरुवात करते. रोमनमध्ये ९०० वजन रुबाबदार दिसतं म्हणून मराठीलाही तेच लावायची घाई होते. छोट्या आकारात ते गुदमरतं. ७०० च्या पुढे जायचं असेल तर अक्षर मोठं हवं आणि शब्द दोन-तीनच.

सगळं कुटुंब उतरवून घ्या म्हटलं ते यासाठी: संगणकावर फक्त रेग्युलर असेल आणि तुम्ही बोल्डचं बटण दाबलं, तर पुष्कळ सॉफ्टवेअर आणि ब्राउझर रेग्युलर अक्षरालाच चहूबाजूंनी सूज आणतात. सांधे बुजतात, ‘ठ्ठ’ भरून येतो, अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो. अक्षरकारानं ठळक वजनासाठी केलेली प्रत्येक दुरुस्ती त्यात वाया जाते. नेहमी यादीतून खरं बोल्ड निवडा.

जुना मजकूर असेल तर आणखी एक काळजी. युनिकोडपूर्व काळातल्या पद्धतीनं टाइप केलेला मराठी मजकूर पॉपिन्समध्ये टाकला तर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा ढीग दिसतो. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि मग एकदा शब्दन् शब्द वाचा. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करत असाल तर वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा, नाहीतर वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात.

पायरी ६: मांडणी

पहिली गोष्ट, देवनागरीत अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. रोमन कॅपिटल अक्षरांना थोडं मोकळं केलं की ती ऐटदार दिसतात. देवनागरीला तेच केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द सुट्या अक्षरांचा होतो. सुरुवातीच्या दिवसांत एका छोट्या दुकानाच्या पाटीवर मी रोमन ओळीला दिलेलं अंतर नकळत मराठी ओळीलाही लागू झालं. पडद्यावर ती फट केसाएवढी होती. दहा फुटी पाटीवर ती बोटभर झाली. पाटी पुन्हा छापावी लागली. तेव्हापासून दोन लिप्यांच्या दोन वेगळ्या शैली करून ठेवते आणि कधीच एकत्र निवडून बदल करत नाही.

दुसरी, ओळींमधलं अंतर. रोमन ठळक मथळे एकमेकांवर घट्ट रचता येतात. मराठीत वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा यांची टक्कर होते. अक्षराच्या आकाराच्या सव्वापट अंतरापासून सुरुवात करा आणि तुमच्या नेमक्या शब्दांवर वर-खाली करा. कधी कधी ओळ दुसऱ्या शब्दावर तोडली की टक्कर आपोआप टळते. पॉपिन्समध्ये मात्रांसाठी वर जागा राखलेली आहे, त्यामुळे ॲपच्या बटणात फक्त रोमन शब्द लिहिला की तो मधोमध बसलेला वाटत नाही. तो हातानं सरकवा, फॉन्टला दोष देऊ नका. आपल्या वेलांट्यांसाठी ती जागा आहे.

तिसरी, दोन लिप्या शेजारी. पॉपिन्समध्ये देवनागरी अक्षराची उंची रोमनच्या लहान अक्षरांच्या वर जाणाऱ्या दांड्यांएवढी ठेवली आहे आणि रोमन कॅपिटल त्याहून थोडी बुटकी आहेत. म्हणून एकाच आकड्यात दोन्ही लिहिल्या तरी मराठी दबून जात नाही. सगळ्या फॉन्टांत असं नसतं. महाराष्ट्रात दुकानांच्या पाट्यांसाठी याला कायद्याचंही कारण आहे. दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार नामफलक देवनागरीत मराठीत हवा आणि मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत. सॉफ्टवेअरमधला पॉइंटचा आकडा सारखा आहे एवढ्यावर थांबू नका, छापील नमुन्यावर मोजपट्टी लावून शिरोरेषेपासून तळापर्यंतची उंची मोजा.

चौथी, ठळक अक्षर किती वापरायचं. मथळा, नाव, किंमत, दिशा दाखवणारा शब्द, तारीख. परिच्छेद ठळक केला की पान काळं पडतं आणि काहीच ठळक राहत नाही. खालच्या मजकुराला त्याच कुटुंबातलं ४०० घ्या, किंवा ‘एक टाइप’च्याच ‘मुक्त’सारखा लांब वाचनाला सोसणारा फॉन्ट जोडीला घ्या. औषधाच्या सूचना, नियम-अटी, आठवणींचा लेख, कविता यांना हे ठळक अक्षर लावू नका. कवितेला तर मुळीच नाही, तिला बोरूचा चढउतार हवा असतो.

पाचवी, रंग. काळ्यावर पांढरी अक्षरं आहेत त्यापेक्षा जाड दिसतात, प्रकाशित पाटीवर आणखीच. ७०० ठरवलं असेल तर उलट्या रंगात ६०० लावून बघा. अमेरिकी कलाकार बार्बरा क्रूगर यांची लाल पट्टीवर पांढऱ्या, तिरक्या फ्युचुरा बोल्डमधली चित्रं शोधून बघा. ओळीत चार-पाच शब्द, भोवती भरपूर लाल. अक्षराचा जोर त्या लाल जागेमुळे येतो.

पायरी ७: छापायला आणि कापायला देताना

वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते, म्हणून तिथे एक वजन हलकं घ्या. फ्लेक्सवर उलट अडचण असते: अक्षर मोठं, पण बघणारा चालत्या गाडीत. पाट्यांच्या धंद्यातला ढोबळ हिशेब दहा फुटांना एक इंच उंची असा आहे. रोमन कॅपिटलसाठी तो ठीक आहे. देवनागरीला त्याच उंचीत शिरोरेषा आणि जोडाक्षरं सांभाळायची असतात, म्हणून मी निदान दीडपट धरते. शंभर फुटांवरून वाचायची पाटी असेल तर अक्षर पंधरा इंच, आणि मात्रांसाठी वर-खाली वेगळी जागा.

फाइल देताना अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे मजकुराचे आकार करून द्या, नाहीतर समोरच्या संगणकावर फॉन्ट नसला की भलतंच काही छापून येतं. कर्व्ह केल्यावर मजकूर सुधारता येत नाही, तेव्हा मूळ फाइल वेगळी जपून ठेवा.

व्हिनाइल किंवा ॲक्रिलिक कापून घेणार असाल तर हे विसरू नका. शब्दात शिरोरेषा सलग दिसावी म्हणून देवनागरी फॉन्टांत अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकांवर किंचित चढलेल्या असतात. छपाईत ते दिसत नाही. कटरला मात्र ती प्रत्येक कड वेगळी रेघ वाटते आणि तो शिरोरेषा मधेच कापतो. कापायला देण्याआधी सगळी अक्षरं वेल्ड करून शब्दाचा एकच आकार करा. वेलांट्या आणि उकारही त्यात जोडले गेले का, हे झूम करून बघा. स्टेन्सिल करायचं असेल तर ठ, व, ळ यांची पोकळी गळून पडते. तिला धरून ठेवायला पूल द्यावे लागतात आणि ते सगळ्या अक्षरांत एकाच दिशेनं दिले तर मांडणीचा भाग वाटतात.

शेवटचा नमुना खऱ्या आकारात काढा, पूर्ण पाटी नको, फक्त सगळ्यात अवघड शब्द. ए-फोर कागदांवर तुकड्यांत छापून चिकटवा, जिथे पाटी लागणार आहे तिथे संध्याकाळी लावा आणि रस्त्याच्या पलीकडे उभे राहा. सोबत घरातलं कुणीतरी न्या, ज्यांनी ते काम आधी पाहिलेलं नाही. त्यांना काहीही न सांगता वाचायला सांगा. ज्या अक्षरावर ते अडखळतील, ते उघडा आणि त्याची पोकळी वाढवा.